घरच्या स्विमिंग पूलला सॉल्ट क्लोरिनेटर: बसवण्याआधी काय मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. उघड्यावरचा, साधारण ५०,००० लिटरचा काँक्रीटचा घरगुती पूल. क्लोरीनसाठी तरंगत्या डब्यात गोळ्या टाकल्या जातात. टेस्ट किटवर क्लोरीन २ पीपीएम (एक पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम) दिसतं, तरी दर दोन-तीन आठवड्यांनी पाणी हिरवट होतं आणि मुलांचे डोळे चुरचुरतात. कडेला वालुकाश्माच्या फरशा, स्टीलची शिडी, पाणी बोअरचं आणि चांगलंच जड. विक्रेत्याचं म्हणणं, सॉल्ट क्लोरिनेटर लावा, क्लोरीनची कटकटच संपेल. लावावा का?

लावायला हरकत नाही, पण आत्ता नाही. आणि विक्रेता सांगतोय त्या कारणासाठी तर नाहीच. पाणी हिरवं होण्याचं मूळ तुमच्या गोळ्यांत आहे. ते तसंच ठेवून यंत्र बसवलंत, तर महिन्याभरात पाणी पुन्हा हिरवं होईल आणि खापर यंत्रावर फुटेल.

सॉल्ट पूलमध्ये क्लोरीन नसतं, हा समज आधी बाजूला ठेवू. सॉल्ट पूल हा क्लोरीनचाच पूल असतो, फक्त ते क्लोरीन डब्यातून न येता पाइपात तयार होतं. पाण्यात थोडं मीठ विरघळवलेलं असतं. ते पाणी फिल्टरमधून परत पूलकडे जाताना सेलमधल्या, म्हणजे यंत्राच्या पाइपावर बसणाऱ्या भागातल्या, टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून वाहतं आणि त्या पट्ट्यांना डीसी करंट दिलेला असतो. धन बाजूला क्लोरीन, ऋण बाजूला हायड्रोजन वायू आणि अल्कली तयार होते. क्लोरीन आणि अल्कली तिथल्या तिथे पाण्यात मिसळून हायपोक्लोरस ॲसिड आणि हायपोक्लोराइट होतं. लिक्विड क्लोरीनचा कॅन ओतल्यावर पाण्यात जे काम करतं, तेच हे. शेवाळ आणि जंतू मारून किंवा उन्हाने तुटून ते पुन्हा क्लोराइड होतं, म्हणजे मिठात परत जातं. म्हणून मीठ खर्ची पडत नाही. ते कमी होतं फक्त पाणी बाहेर गेलं की: बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं), गळती, उड्या मारताना सांडणारं पाणी, पावसात पूल ओसंडणं. बाष्पीभवनाने पाणी उडतं, मीठ मागे राहतं.

बहुतेक यंत्रं २,७०० ते ३,४०० पीपीएम मिठावर चालतात. समुद्राचं पाणी ३५,००० पीपीएमच्या आसपास असतं आणि डोळ्यांतलं पाणी ९,००० च्या, म्हणजे 'खारं पाणी' ऐकून दचकायचं कारण नाही. अंगाला पाणी जरा मऊ लागतं, हे मात्र खरं आहे आणि लोकांना ते आवडतं. तंत्रही नवं नाही. रुथेनियम आणि इरिडियमच्या ऑक्साइडचा लेप दिलेले टायटॅनियमचे इलेक्ट्रोड १९६० च्या दशकात क्लोरीनच्या कारखान्यांसाठी आले, घरातला सेल हे त्यांचंच छोटं रूप आहे. ऑस्ट्रेलियात तर घरगुती पूलला ही पद्धत गेली कित्येक दशकं सर्रास वापरली जाते.

मग यातून खरंच काय मिळतं? मुख्य म्हणजे नियमितपणा. हाताने क्लोरीन घालणारा माणूस कितीही शिस्तीचा असला तरी कधीतरी चुकतो. पाहुणे येतात, गावाला जाणं होतं, आणि उन्हाळ्यातल्या दोन दिवसांच्या खाड्याने पाणी हातचं जातं. सेल ठिबक सिंचनासारखं काम करतो: थोडं थोडं, पण रोज. पूलमध्ये क्लोरीन एका पातळीवर टिकून राहणं हेच स्वच्छ पाण्याचं नव्वद टक्के काम आहे. दुसरं, घरात क्लोरीनचा साठा ठेवावा लागत नाही. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर एकमेकांत मिसळली तर पेट घेते, स्फोटही होऊ शकतो. दोन्हींसाठी एकच माप वापरणंसुद्धा धोक्याचं. मुलं असलेल्या घरात हा साठा गेला तर मला बरंच वाटतं. (ॲसिडचा कॅन मात्र राहणार आहे, आणि थोडा मोठाच लागणार आहे. त्याकडे येतोच.) तिसरं, सेल क्लोरीनबरोबर दुसरं काही पाण्यात टाकत नाही. आणि इथेच तुमच्या हिरव्या पाण्याची गाठ आहे.

तरंगत्या डब्यात हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या जवळपास नेहमीच ट्रायक्लोरच्या असतात. ट्रायक्लोर म्हणजे क्लोरीन आणि सायन्युरिक ॲसिड एकत्र. सायन्युरिक, ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात, हा क्लोरीनचा उन्हातला रखवालदार. तो नसेल तर भर दुपारी पाण्यातलं निम्मं क्लोरीन तासाभराच्या आत उडतं. पण रखवालदार जितके वाढतात तितकं क्लोरीन त्यांच्याच ताब्यात अडकतं आणि कामाला मोकळं उरतं ते कमी कमी होत जातं. ट्रायक्लोरमधून १० पीपीएम क्लोरीन गेलं की सायन्युरिक ६ पीपीएमने वाढतं. उघड्यावरच्या पूलला उन्हाळ्यात रोज ३ पीपीएम क्लोरीन लागतं असं धरा. महिन्याचे झाले ९० पीपीएम, आणि त्याबरोबर सायन्युरिकचे ५४. क्लोरीन रोज संपतं, सायन्युरिक जवळपास तसंच साचत राहतं. दोन-तीन महिन्यांत ते शंभराच्या पार जातं.

आता किटवरचे २ पीपीएम पुन्हा पाहा. आकडा खोटा नाही, पण तो एकटा वाचून काही कळत नाही. हाताने क्लोरीन घालत असाल तर मोकळं क्लोरीन सायन्युरिकच्या किमान साडेसात टक्के तरी हवं, असा माझा आणि या कामातल्या बऱ्याच जणांचा अंदाज असतो. सायन्युरिक ३० असेल तर २ पीपीएम जेमतेम चालून जातं. ते १४० असेल तर १० पीपीएमच्या खाली शेवाळाला मोकळं रान. तुमच्याकडे नेमकं काय आहे ते मोजल्याशिवाय कळणार नाही, पण तुम्ही सांगितलेली लक्षणं याच दुखण्याची आहेत. मोजताना एक लक्षात ठेवा: नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत पाणी ओतायची जी चाचणी असते, ती १०० च्या वरचं नीट दाखवत नाही. पूलच्या पाण्यात तेवढंच साधं पाणी मिसळा, मोजा, आणि आलेला आकडा दुप्पट करा.

डोळ्यांचं कारण वेगळं आहे. डोळे चुरचुरतात ते बहुतेक वेळा पीएच बिघडल्यामुळे किंवा क्लोरामाइनमुळे. म्हणजे घाम, लघवी, क्रीम यांच्याशी जोडलं गेलेलं, अर्धवट काम झालेलं क्लोरीन. पूलचा म्हणून जो उग्र वास ओळखला जातो तोही त्याचाच. ट्रायक्लोर आम्लधर्मी असल्याने त्याने पीएच आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरण्याची पाण्याची ताकद) दोन्ही खाली ओढली जातात. सॉल्ट पूलमध्ये डोळ्यांना आराम पडला असं अनेक जण सांगतात. माझ्या मते त्यात मिठापेक्षा रोजच्या नेमाने मिळणाऱ्या क्लोरीनचं श्रेय जास्त आहे.

तेव्हा पहिलं काम पाणी बदलण्याचं. सायन्युरिक काढायचा साधा, खात्रीचा मार्ग तेवढाच आहे. १४० वरून ६० वर एका दमात यायचं तर साधारण ५७ टक्के पाणी बदलावं लागेल. त्यापेक्षा ते दोन टप्प्यांत करा, दर वेळी साधारण ३५ टक्के, आणि पूल पूर्ण रिकामा करू नका. जमिनीतल्या पाण्याची पातळी वर असेल तर रिकामी टाकी खालून रेटली जाते, तडकते, क्वचित चक्क वर उचलली जाते.

त्यानंतर महिनाभर गोळ्या बंद आणि रोज संध्याकाळी लिक्विड क्लोरीन. हे कंटाळवाणं आहे, पण यातून जो आकडा मिळतो त्यावर पुढचा सगळा निर्णय उभा राहतो. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजा, पहाटे ऊन यायच्या आत पुन्हा मोजा. रात्रीतून १ पीपीएमहून जास्त कमी झालं तर पाण्यात काहीतरी जिवंत आहे, कारण रात्री ऊन नसतं. मग क्लोरीन वर नेऊन तिथेच धरून ठेवायचं, भिंती ब्रशने घासायच्या, आणि रात्रीची घट आटोक्यात येईपर्यंत सोडायचं नाही. ती थांबली की मग चोवीस तासांत एकूण किती क्लोरीन जातं ते पाहा. ती तुमच्या पूलची रोजची भूक. ही माहीत नसताना सेलचा आकार ठरवणं म्हणजे नुसता अंदाजपंचे कारभार.

समजा भूक ३ पीपीएम निघाली. ५०,००० लिटरमध्ये ३ पीपीएम म्हणजे १५० ग्रॅम क्लोरीन. सेलच्या माहितीपत्रकात ताशी किती ग्रॅम क्लोरीन तयार होतं तो आकडा शोधा. ताशी १५ ग्रॅमचा सेल असेल तर पूर्ण जोरावर १० तास लागतील, २५ ग्रॅमचा असेल तर ६. खोक्यावर लिहिलेलं '५०,००० लिटरपर्यंत' हे वाक्य माझ्या दृष्टीने निरुपयोगी आहे. ते बहुधा पंप दिवसाचे चोवीस तास चालतो, ऊन बेताचं आहे, माणसं कमी आहेत असं गृहीत धरून छापलेलं असतं. पूलच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा सेल घ्यायचा, हा माझा ठोकताळा. मोठा सेल कमी तास चालतो, म्हणून जास्त वर्षं टिकतो. उन्हाच्या आणि गर्दीच्या दिवसांत हाताशी जोरही राहतो. आणि जुना होत जाताना त्याचं उत्पादन घटलं तरी भागतं. छोटा सेल रोज पूर्ण जोरावर पळवला की त्यासाठी पंपही जास्त तास चालवावा लागतो. विजेत सेलचा स्वतःचा वाटा लहानच, साधारण १०० ते २०० वॅट. बिल वाढतं ते पंपामुळे. म्हणून व्हेरिएबल स्पीडचा पंप असेल तर सॉल्ट क्लोरिनेटरशी त्याचं चांगलं जमतं: कमी वेगात जास्त तास. फक्त त्या वेगातही सेलला पुरेसा प्रवाह मिळतो ना, ते पाहावं लागतं.

पैशांचं गणित तुमचं तुम्ही करा, कारण दर जागोजागी वेगळे असतात. रीत सांगतो. घरगुती सेलचं आयुष्य साधारण ८,००० ते १०,००० तास धरतात. ताशी २५ ग्रॅमने झालं २०० ते २५० किलो क्लोरीन. १२.५ टक्क्यांच्या ताज्या लिक्विड क्लोरीनमध्ये लिटरमागे १२५ ग्रॅम क्लोरीन असतं, म्हणजे एक सेल हा १,६०० ते २,००० लिटर लिक्विड क्लोरीनच्या बरोबरीचा. तेवढ्या लिटरची किंमत एका बाजूला, नव्या सेलची किंमत दुसऱ्या बाजूला. पहिल्या खेपेला कंट्रोलर, बसवणूक आणि मीठ वेगळं धरा. रोज ६ तास, बारा महिने चालवलात तर हा सेल चार वर्षांच्या आसपास जाईल. हिवाळ्यात बंद राहत असेल तर जास्त. बरेचदा हिशेब थोडाफार इकडे किंवा तिकडे झुकतो, फार नाही. पैसे वाचतील म्हणून हे यंत्र घ्या असं मी कुणाला सांगत नाही. रोज १.२ लिटर क्लोरीन, म्हणजे महिन्याला ३६ लिटरचे कॅन आणणं, उचलणं आणि न विसरता ओतणं, या कामातून सुटका विकत घेताय असं समजा. ती सुटका तुम्हाला हवी असेल तर सौदा चांगला आहे.

आता तुमच्या वालुकाश्माबद्दल. तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. ३,००० पीपीएमचं पाणी दगडाला तसं काही करत नाही. पण सांडलेलं पाणी सच्छिद्र दगडात मुरतं, उन्हाने वाळतं, आणि मीठ आतच स्फटिक होऊन फुगतं. रोज ओलं, रोज कोरडं. जुन्या भिंतींना लोणा लागून पोपडे सुटतात ना, तेच इथे होतं, आणि वालुकाश्म किंवा मऊ चुनखडीचा दगड असेल तर काही मोसमांतच कडा भुरभुरायला लागतात. फरशीवर पाण्याचे थेंब टाकून पाहा. दोन-चार मिनिटांत थेंब शोषला जाऊन डाग गडद झाला तर दगड पितोय. अशा दगडाला आत मुरणारं सिलेन-सिलोक्सेन जातीचं सीलर लावून घ्यावं लागेल, ते ठरावीक काळाने पुन्हा लावावं लागेल, आणि पोहून झाल्यावर कडेवर साधं पाणी मारायची सवय लावावी लागेल. हे होणार नसेल तर मी सेल बसवणार नाही. दाट ग्रॅनाइट किंवा व्हिट्रिफाइड टाइल असती तर हा परिच्छेद लिहिलाच नसता.

आणखी एक मार्ग आहे, जो विक्रेते क्वचितच सांगतात: डोसिंग पंप. लिक्विड क्लोरीनची एक बंद टाकी आणि टायमरवर रोज ठरलेलं माप पाइपात सोडणारा छोटा पंप. नियमितपणा तोच, मिठाचं प्रमाण कमी, सेल बदलायचा खर्च नाही. कॅन मात्र आणावे लागतात, आणि उन्हाळ्यात साठवलेल्या क्लोरीनचा जोर उतरत जातो, त्यामुळे टाकी सावलीत आणि लहान ठेवावी. दगड मऊ असेल किंवा पाणी फार जड असेल तर मी आधी याचाच विचार करतो.

शिडीचं स्टील ३१६ दर्जाचं असेल तर फारशी चिंता नाही. ३०४ वर गंजाचे तांबूस ठिपके दिसू शकतात, विशेषतः पाण्याच्या रेषेवर आणि शिडी जिथे जमिनीत बसवलेली असते त्या खोबणीत. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे पूलमधले आणि भोवतीचे सगळे धातूचे भाग एकमेकांना तांब्याच्या तारेने जोडून समपातळीत आणलेले असणं, म्हणजे बाँडिंग, आवश्यक आहे. साधं अर्थिंग म्हणजे बाँडिंग नव्हे. हे काम पूलवाल्याकडून नाही, पूलच्या कामाची माहिती असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. यात गंजाइतकाच जिवाचाही प्रश्न आहे. जस्ताचा सॅक्रिफिशियल ॲनोड बसवला तर धातूचं झिजणं तो स्वतःवर घेतो. अर्थात एक गोष्ट मिठावर टीका करणारे विसरतात: लिक्विड क्लोरीन वापरणाऱ्या पूलमध्येही मीठ साचतच असतं. दर १० पीपीएम क्लोरीनमागे साधारण १७ पीपीएम. पाणी बरेच महिने न बदललेला 'बिनमिठाचा' पूल सहज हजारावर गेलेला सापडतो.

जड पाण्याचा त्रास सेलला थेट होतो. ऋण पट्टीलगत पीएच खूप चढतो, त्यामुळे पाण्यातलं कॅल्शियम तिथेच पांढऱ्या थराच्या रूपात बसतं. आजकालचे सेल ठरावीक वेळाने धन-ऋण उलटवून हा थर झटकतात, पण पाणीच असंतुलित असेल तर तेही पुरत नाही. कॅल्शियम हार्डनेस २०० ते ४०० पीपीएमच्या दरम्यान ठेवा. बोअरचं पाणी मुळात ५०० चं असेल आणि बाष्पीभवनाची भर तुम्ही त्याच पाण्याने करत असाल, तर हार्डनेस दर महिन्याला वाढतच जाणार. भर घालायला सॉफ्टनरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर सेलचं आयुष्य वाढेल. पट्ट्यांवर थर दिसला तर आधी पाण्याच्या जोराने, नाही निघाला तर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने सेल धुतात. ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. प्रत्येक धुण्यात पट्ट्यांवरचा किमती लेप थोडा जातो. दर महिन्याला सेल ॲसिडने धुवावा लागतोय, याचा अर्थ तुमचं पाणी चुकलंय.

पीएच हा सॉल्ट पूलचा रोजचा विषय. गोळ्यांच्या काळात तुम्ही पीएच वर आणायला सोडा टाकत असाल. सेल आला की गाडी उलट्या दिशेने जाते, पीएच चढत राहतो. सेलमधून निघणारे हायड्रोजनचे बारीक बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बरोबर घेऊन जातात, हे त्याचं मुख्य कारण. म्हणून ॲसिड लागतं. किती लागेल ते बरंचसं तुमच्या हातात आहे. अल्कलिनिटी १०० ते १२० ठेवायचा जुना सल्ला इथे विसरा, ६० ते ८० ठेवा. पीएच ७.८ ला पोहोचला की ७.६ पर्यंत आणा आणि थांबा. ७.२ पर्यंत खाली रेटलात तर तो तितक्याच वेगाने परत वर येतो आणि ॲसिड फुकट जातं. सायन्युरिक मात्र हाताने क्लोरीन घालताना ठेवतो त्यापेक्षा जास्त, ६० ते ८० ठेवतात, म्हणजे दिवसभर हळूहळू तयार होणारं क्लोरीन उन्हात टिकतं आणि सेलला कमी तास चालवावं लागतं. कमी तास म्हणजे कमी बुडबुडे, म्हणजे पुन्हा कमी ॲसिड. ७० सायन्युरिकला मोकळं क्लोरीन ४ ते ५ पीपीएम ठेवलं की पुरतं.

काही पूलना हे यंत्र शोभत नाही. पाणी १५ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की बऱ्याच सेलचं उत्पादन घटतं, आणखी गार झालं की ते आपोआप बंद होतात. गार हवेतही वर्षभर पोहणारे असतील तर दुसरी सोय लागेल. घरातला किंवा सतत झाकलेला पूल असेल तर ऊन नाही, भूक अगदी कमी, आणि सेल नेहमीच्या सेटिंगवर सोडला तर क्लोरीन भलतंच चढतं. उलट ज्या घरात माणसं फक्त शनिवार-रविवारी येतात तिथे मी डोळे झाकून सॉल्ट सुचवतो.

बसवताना क्रम पंप, फिल्टर, हीटर असल्यास हीटर, आणि सगळ्यात शेवटी सेल. सेलमधून निघालेलं तीव्र क्लोरीनचं पाणी हीटरच्या तांब्यातून जाता कामा नये. पंप बंद असताना सेलला वीज मिळणार नाही अशी जोडणी हवी आणि प्रवाह ओळखणारा स्विच हवाच. पाणी थांबलेलं असताना सेल चालू राहिला तर पाइपात हायड्रोजन साठतो, आणि त्यातून स्फोट होऊन सेलच्या चिंधड्या उडाल्याची उदाहरणं आहेत. हा स्विच चिकटला म्हणून तो 'बायपास' करून देणारा मेकॅनिक भेटला तर त्याला नम्रपणे परत पाठवा. बॅकवॉशचं पाणी बागेत सोडत असाल तर तीही वाट बदला, खारं पाणी झाडांना मानवत नाही.

मीठ ९९ टक्क्यांहून शुद्ध, आयोडीन नसलेलं आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली रसायनं नसलेलं घ्या. ५०,००० लिटरमध्ये १,००० पीपीएम वाढवायला ५० किलो लागतं. पाण्यात आधीच ६०० पीपीएम असेल आणि ३,२०० हवं असेल तर १३० किलो. पण आधी शंभरच किलो टाका. सेल बंद, पंप चालू, तळाशी बसलेलं मीठ ब्रशने हलवा, चोवीस तासांनी मोजा, मग उरलेलं. जास्त पडलेलं मीठ काढायला पाणीच काढावं लागतं. प्लास्टर नवीन असेल तर मिठाआधी महिनाभर थांबायचं असतं.

यंत्राच्या पडद्यावर दिसणारं मिठाचं प्रमाण हे विजेच्या वहनावरून काढलेलं असतं. पाणी गार झालं किंवा सेल म्हातारा झाला की तो आकडा खाली दाखवतो. 'मीठ कमी' असा दिवा लागला म्हणून लगेच पोतं फोडू नका, आधी स्वतंत्र चाचणीने मोजा. तसंच 'सुपरक्लोरिनेट' किंवा 'बूस्ट' बटण हिरवं पाणी साफ करायला नाही. ताशी २५ ग्रॅमने शेवाळाशी लढाई जिंकता येत नाही, त्यासाठी लिक्विड क्लोरीनचा एखादा कॅन जवळ असू द्या. आठवड्यातून दोनदा क्लोरीन आणि पीएच, महिन्यातून एकदा बाकी सगळं, एवढं मोजणं यंत्र आल्यावरही चुकणार नाही.

थोडक्यात तुमचा क्रम: पाणी बदल, महिनाभर लिक्विड क्लोरीन, भूक मोजणं, दगडाची थेंब-चाचणी, बाँडिंगची तपासणी. दगड पीत असेल आणि सीलरची जबाबदारी घ्यायची नसेल तर डोसिंग पंप. दगड टिकणारा निघाला किंवा सील करून घेतला, तर ताशी २५ ग्रॅमच्या आसपासचा, धन-ऋण उलटवणारा सेल. विक्रेत्याकडे जाल तेव्हा सूट किती मिळते याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: ताशी ग्रॅमचा आकडा, वॉरंटी किती तासांची किंवा वर्षांची आणि त्यात फक्त कंट्रोलर येतो की सेलही, आणि बदलीचा सेल सुटा मिळतो का, आज काय दराने. या तिसऱ्या प्रश्नावर जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून यंत्र घेऊ नका, कारण चार-पाच वर्षांनी तुम्हाला तोच सेल लागणार आहे, आणि एका कंपनीचा सेल दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर बहुतेक वेळा चालत नाही.